मालगुजारी तलावाकाठच्या (मालगुजारांच्या काळातल्या जुन्या गावतलावाकाठच्या) घरमालकांना संडासाची टाकी नीट ठेवायला कसं समजवायचं?

भाऊ, नोटीस नंतर, आधी त्यांना काठावर न्या. आमच्या भंडारा-गोंदियाकडे कित्येक टाक्यांना शोषखड्डाच (टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा) नसतो, पाइप सरळ तलावाकडे सोडलेला. त्या पाइपाच्या तोंडाशी पाणी हिरवंगार, बुळबुळीत असतं आणि चार पावलांवर शिंगाड्याचे वेल. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की अर्धं बोलणं वाचतं.

मग कारण सांगा. मैल्यातल्या नत्र-स्फुरदानं शेवाळ माजतं, पहाटे पाण्यातला प्राणवायू घटतो, मासळी मरते. म्हणजे ढिवर (मासेमार) भावांच्या पोटावर पाय येतो, आणि हेच घाण पाणी झिरपून सगळ्यांच्या विहिरीही बिघडतात.

टाकी तपासायला लांब काठीला पांढरं फडकं गुंडाळून तळापर्यंत घाला. काळा गाळ किती चढला ते फडक्यावर दिसतं. खोलीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत आला असेल, तर उपसा करायलाच हवा. साधारण 2-3 वर्षांनी ही वेळ येते. झाकण उघडल्यावर वाकून बघू नका, विडी पेटवू नका. आणि माणूस आत उतरवू नका, हे हात जोडून सांगतो. विषारी वायूनं जीव जातो, आणि हातानं मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्यानं असं उतरवणं गुन्हाही आहे. सक्शनची गाडीच बोलवा.

पैशाचं म्हणाल तर दहा घरांनी मिळून मे महिन्यात एकाच दिवशी गाडी आणावी, फेरीचा खर्च वाटला जातो. गाळ कुठं रिकामा करणार हे मात्र गाडीवाल्याला आधीच विचारा, नाहीतर तो पलीकडच्या बोडीत (लहान तळ्यात) ओतून मोकळा होईल.