रबरावर रबरच टिकतं: मुखवट्यांच्या लवचीक रंगांविषयी प्रश्नोत्तरे

चवथीची आरास उतरली की गोव्यात नरकासुराची तयारी सुरू होते आणि मुखवट्यांच्या रंगांबद्दलचे प्रश्न येऊ लागतात. यंदा आलेल्यांपैकी काही निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

म्हापशाहून एका नरकासुर मंडळाचे कार्यकर्ते विचारतात: कृष्ण-नरकासुर युद्धाच्या देखाव्यासाठी आम्ही राक्षसांचे लॅटेक्सचे, म्हणजे द्रवरूप रबराचे, मुखवटे ओतले आणि त्यांना ऑइलपेंट मारला. टांगून ठेवले होते तोवर सुंदर दिसत होते. मुलांनी डोक्यात घालायला सुरुवात केली आणि गालांवर, मानेपाशी भेगा पडून खपल्या निघाल्या. कुठला रंग आणायला हवा होता?

रंग कुठला यापेक्षा त्या रंगाला धरून ठेवणारा पदार्थ, म्हणजे बाइंडर, कुठला हे आधी बघायचं. रंगाची पूड स्वतःहून कशालाच चिकटत नाही. ऑइलपेंटचा बाइंडर वाळला की त्याचा कडक पापुद्रा होतो. मुखवटा डोक्यातून खाली ओढताना मानेकडचं तोंड चांगलंच ताणलं जातं. रबर ताणतं, पापुद्रा ताणत नाही, म्हणून तो तडकतो. वर त्यातलं तेल आणि टर्पेंटाइन रबरात मुरून त्याला फुगवतं आणि कमकुवत करतं. पोस्टर कलरचा बाइंडर डिंकासारखा असतो, तो घामानेच सुटतो. फेविकोलमध्ये रंग कालवणारेही भेटतात. फेविकोल थोडा वाकतो हे खरं, पण ताण सुटल्यावर रबरासारखा जागेवर येत नाही आणि दमट हवेत मऊ पडतो.

म्हणून ज्या लॅटेक्सचा मुखवटा, त्याच लॅटेक्समध्ये रंग करा. साधारण ५ भाग लॅटेक्सला १ भाग ट्यूबमधला किंवा बाटलीतला अॅक्रिलिक रंग. घराच्या डिस्टेंपरमध्ये घालतात तो स्टेनर वापरत असाल तर त्याहून बराच कमी पुरतो, कारण तो जवळजवळ निव्वळ रंगच असतो. अॅक्रिलिक आधी तेवढ्याच पाण्यात एकजीव करा आणि मग लॅटेक्समध्ये बारीक धारेने सोडत हळू ढवळा. घुसळलंत तर बुडबुडे येतात आणि ते मुखवट्याच्या नाकावर टाचणीच्या भोकांसारखे उमटतात. लॅटेक्स टिकून राहतं ते त्यातल्या अमोनियामुळे. आम्लयुक्त काही पडलं की लगेच गाठी धरतात, म्हणून नवा रंग आधी चमचाभर लॅटेक्समध्ये कालवून बघा. बारीकसारीक गाठी मलमलीच्या फडक्यातून गाळता येतात. सगळंच फाटलं असेल तर टाकून द्या.

नवख्यांची फसगत होते ती छटेत. ओलं लॅटेक्स दुधासारखं पांढरं असतं, त्यामुळे भांड्यात कालवलेला गर्द तांबडा चक्क गुलाबी दिसतो. मग माणूस घाबरून आणखी रंग ओततो, बाइंडर कमी पडतो आणि थर पुन्हा तडकायला लागतो. वाळताना दुधाळपणा जातो आणि खरा रंग वर येतो. म्हणून लॅटेक्सच्या एका फालतू तुकड्यावर पट्टा ओढा, पंख्याखाली पूर्ण वाळू द्या आणि मगच छटा ठरवा. तोच तुकडा दोन्ही हातांनी ताणून बघा. ताणल्यावर रंग फिका होणारच, पण सोडल्यावर जसाच्या तसा परत आला पाहिजे. भेग दिसली तर लॅटेक्स वाढवा.

रंगवण्याआधी मुखवटा सौम्य साबणाने धुवा, कारण साच्यातून काढताना लावलेली पावडर अंगाला राहिलेली असते. ब्रश लॅटेक्समध्ये बुडवण्याआधी साबणाच्या पाण्यात बुडवून निथळा, नाहीतर एका बैठकीत केसांचा रबरी गोळा होतो. गडद रंग आधी, सुरकुत्यांच्या खोबणीत. त्यावर फिकट रंग जवळजवळ कोरड्या स्पंजने, फक्त उंचवट्यांवर. थर पातळ असावेत आणि शेवटच्या थरावर टाल्कम पावडर हवीच. वाळलेलं लॅटेक्स स्वतःलाच चिकटतं, आणि घडी पडलेला कान सोडवताना फाटतो.

पेडण्याहून एक दशावतारी कलावंत विचारतात: राक्षसाच्या भूमिकेसाठी कपाळ आणि नाक लॅटेक्सचं लावतो. रात्रभराच्या नाटकात घामाने रंग उतरतो, आणि जिथे लॅटेक्स संपून कातडी सुरू होते तिथली रेघ पहिल्या रांगेतल्या माणसालाही दिसते.

चेहऱ्यावर चिकटवायच्या तुकड्यांचा हिशेब वेगळा. मुखवट्याचा अमोनियाचा रंग डोळ्यांजवळ नेऊ नका. इथे अमेरिकन रंगभूषाकार डिक स्मिथ (१९२२–२०१४) यांची पद्धत वापरा. प्रोस-एड नावाचा त्वचेसाठीचा पाण्यातला अॅक्रिलिक गोंद आणि अॅक्रिलिक रंग साधारण समसमान घेऊन कालवायचे. या रंगाला पॅक्स म्हणतात. बाइंडर स्वतःच गोंद असल्यामुळे तो लॅटेक्सला धरून राहतो, तोंड वेडंवाकडं केलं तरी ताणतो आणि वाळल्यावर घामाला दाद देत नाही.

पॅक्स वाळल्यावरही चिकट राहतो. प्रत्येक थरानंतर पावडर लावून जादाची झटका. रंग ब्रशने फासू नका, भरड स्पंजने टिपत जा. रेघ दिसते याचं कारण बहुतेक वेळा एकसारखा सपाट रंग हेच असतं. माणसाच्या कातडीत तांबूस, पिवळट, हिरवट, निळसर असं सगळं एकमेकांतून डोकावत असतं. तुकडा चेहऱ्याला लावण्याआधीच त्यावर पॅक्सचा मुख्य थर आणि विटकरी, मातकट हिरव्या रंगाचे बारीक ठिपके देऊन घ्या. लावल्यानंतर कडेवर फक्त प्रोस-एड टिपून पावडर मारा आणि तुमचा नेहमीचा रंग तुकड्यावरून कातडीवर अर्धा इंच पुढे न्या. हस्तकलेचे अॅक्रिलिक रंग त्वचेसाठी बनवलेले नसतात, म्हणून पॅक्स तुकड्यापुरताच ठेवा.

मेकअप खोबरेल तेलाने उतरवायची आपल्याकडची जुनी सवय आहे. चेहऱ्याला ते उत्तम, लॅटेक्सला घातक. तेलाने रबर फुगतं, कडा लोंबतात आणि पुढच्या प्रयोगाला तो तुकडा बसत नाही. आधी तुकडा त्या गोंदाच्या रिमूव्हरने हलके सोडवून बाजूला ठेवा, मग तोंडाला तेल लावा. नव्या कलाकाराला लॅटेक्स लावण्यापूर्वी आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. लॅटेक्सची अॅलर्जी काहींना फार तीव्र असते, त्यात कुणाच्याही भिडेखातर चालढकल करू नये.

पणजीहून लघुपट करणारी एक विद्यार्थिनी विचारते: सिलिकॉनची जखम केली, वर अॅक्रिलिक लावला. वाळल्यावर सगळा रंग एका तुकड्यात सोलून निघाला.

सिलिकॉनला सिलिकॉनशिवाय जवळजवळ काहीच चिकटत नाही. शक्य तेवढा रंग ओतण्याआधी आतच मिसळायचा. बाहेरून द्यायचा असेल तर पारदर्शक सिलिकॉन सीलंट, तो व्हिनेगरसारखा वास येणारा, नॅफ्था या पेट्रोलसारख्या उडून जाणाऱ्या द्रावकात पातळ करून त्यात ट्यूबमधला ऑइल कलर चिमूटभर घालायचा आणि पातळ हाताने थर द्यायचे. हे काम तुकडा चेहऱ्यावर असताना करू नका. दोन-एक दिवस वाळू दे, मग लाव. आणि प्लॅटिनम जातीचं (प्लॅटिनमच्या संयुगाने जमणारं) सिलिकॉन असेल तर लॅटेक्सचे हातमोजे घालू नकोस, लॅटेक्सच्या साच्यातही ओतू नकोस. त्यातल्या गंधकामुळे सिलिकॉन नीट जमत नाही, चिकटच राहतं.

मडगावहून, कार्निव्हलच्या चित्ररथावर काम करणारे एक वाचक: लॅटेक्सच्या मुखवट्यांना सोनेरी रंगासाठी ब्राँझ पावडर चालेल का?

नाही. ब्राँझ पावडरमध्ये तांबं असतं आणि तांबं नैसर्गिक रबराचा शत्रू आहे. त्याच्या संगतीने रबर लवकर कुजतं, आधी चिकट होतं आणि मग ठिसूळ. अभ्रकावर बनवलेली सोनेरी पर्ल पावडर घ्या. खाली गेरूच्या छटेचा थर दिलात तर सोनं अधिक खुलतं.

वाळपईजवळून एक वाचक: शेजाऱ्याची रबराची बाग आहे. झाडाचा ताजा चीक वापरला तर विकतचं लॅटेक्स वाचेल ना?

कल्पना मोहात पाडणारी आहे, पण काम होणार नाही. ताज्या चिकात रबर साधारण ३० ते ४० टक्के, बाकी मुख्यतः पाणी, आणि अमोनिया घातला नाही तर तो काही तासांतच गोठतो. विकतचं लॅटेक्स घट्ट करून साधारण ६० टक्क्यांवर आणलेलं असतं. मुख्य म्हणजे ओतकामाचं लॅटेक्स आधीच व्हल्कनाइझ, म्हणजे गंधकाने पक्कं, केलेलं असतं, त्यामुळे ते ताणून परत येतं. कच्च्या चिकाचा पापुद्रा ताणला की लोंबकळतो.

फोंड्याहून, चित्रशाळा चालवणारे एक मूर्तिकार: मूर्तींसाठी एअरब्रश आहे. लॅटेक्सचा रंग मारला की नोझल तुंबतं. पंक्चरच्या सोल्यूशनमध्ये रंग कालवून मारतात असं ऐकलं.

लॅटेक्स नोझलमध्येच वाळतं, तो एअरब्रश वाचवणं कठीण. फवारायचंच असेल तर रबर सिमेंट, म्हणजे द्रावकात विरघळवलेलं रबर, नॅफ्थामध्ये पातळ करून त्यात थोडा ट्यूबमधला ऑइल कलर घालतात. वर ऑइलपेंटला नकार दिला आणि इथे ऑइल कलर कसा, असं वाटेल. इथे थर धरून ठेवतं ते रबर, तेलाचा अंश अगदी थोडा. पंक्चरच्या सोल्यूशनमध्ये रबराखेरीज काय काय आहे हे डब्यावर लिहिलेलं नसतं, म्हणून ते मुखवट्याच्या बाहेरच्या बाजूपुरतं, तेही तुकड्यावर तपासून. चेहऱ्यावर लावायच्या वस्तूला अजिबात नाही.

नॅफ्थाची वाफ जमिनीलगत पसरते आणि ठिणगीने पेट घेते. चित्रशाळेत समई किंवा उदबत्ती तेवत असते, तिथे हे काम नको. अंगणात करा, कार्बनच्या काडतुसांचा रेस्पिरेटर लावा. तोंडाला बांधलेल्या फडक्याने ती वाफ अडत नाही.

साखळीहून एका नाट्यमंडळाच्या वेशभूषा सांभाळणाऱ्या ताई: पावसाळ्यात मुखवटे चिकट होतात, बुरशी धरतात. काय करू?

आपल्याकडे पावसात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, तेव्हा रंगकामच टाळलेलं बरं. ठेवण्यापूर्वी मुखवटा आतून धुऊन पूर्ण वाळवा, कारण बुरशी धरते ती घामावर. उन्हात मात्र वाळत घालू नका, उन्हाने रबर तडकतं. आतबाहेर टाल्कम पावडर लावा, आत कोरा पांढरा कागद भरा. वर्तमानपत्र नको, शाई रबरात उतरते. बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. जो मुखवटा बोटाला डिंकासारखा लागतो, त्याचं रबरच कुजलेलं आहे. त्यावर नवा रंग चढवू नका. साचा शाबूत असेल तर दिवाळीआधी नवा ओतून घ्या.