स्पॅनिशची अट आणि साडेनऊ हजारांचं स्पेन

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी न्यू जर्सीतल्या सरकारी विद्यापीठात इकॉनॉमिक्समध्ये बीए करतेय. पहिलं वर्ष संपत आलंय, पदवीला लागणाऱ्या 120 पैकी 29 क्रेडिट (कोर्स पास झाल्यावर जमा होणारे गुणांक) झाले. पदवीसाठी परकीय भाषा चौथ्या सेमिस्टरच्या पातळीपर्यंत लागते. शाळेत तीन वर्षं स्पॅनिश होतं, तरी कुठल्या कोर्सपासून सुरुवात करायची ते ठरवणाऱ्या प्लेसमेंट टेस्टमध्ये 102 ची, म्हणजे दुसऱ्या सेमिस्टरची पातळी आली. म्हणजे 102, 201, 202 असे तीन कोर्स. विद्यापीठाच्या स्पेनमधल्या सहा आठवड्यांच्या कार्यक्रमात पुढच्या उन्हाळ्यात 201 आणि 202 एकदम उरकतात. त्याचे 8,200 डॉलर आणि विमानाचे 1,300. हे पैसे 529 खात्यातून (शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं) काढावेत की पेरेंट प्लस (पालकांना मिळणारं सरकारी शैक्षणिक कर्ज) घ्यावं?

ताई, सध्या दोन्ही नको. कर्ज तर नकोच. पेरेंट प्लसचं व्याज 9 टक्क्यांच्या आसपास आहे आणि रक्कम मिळण्याआधीच चार टक्क्यांहून जास्त फी कापली जाते.

तुम्ही पाठवलेल्या फी-पत्रकात 12 ते 18 क्रेडिटना एकच ठोक फी आहे. लेकीचे 120 पैकी 91 क्रेडिट उरलेत आणि सेमिस्टर सहा, म्हणजे दर वेळी 15-16. स्पॅनिशचे नऊ क्रेडिट याच 91 मध्ये ऐच्छिक म्हणून बसतात. सप्टेंबरपासून ओळीनं तीन सेमिस्टर एकेक कोर्स घेतला, तर वरखर्च फक्त पुस्तकाचा आणि ऑनलाइन वर्कबुकच्या कोडचा. हेच नऊ क्रेडिट उन्हाळ्यात विद्यापीठात घेतले तर 520 च्या दरानं 4,680 डॉलर, कम्युनिटी कॉलेजात 190 नं 1,710. स्पेनमध्ये 9,500 मोजून सहाच क्रेडिट मिळतात, आणि 102 त्याआधी करावं लागतं ते लागतंच.

पैसे जातात ते कोर्स मागे राहिला की. 102 शिवाय 201 नाही आणि 201 मध्ये सी ग्रेड मिळाल्याशिवाय सहसा 202 ला घेत नाहीत. हे तिसऱ्या-चौथ्या वर्षावर ढकललं आणि एकदा जागा भरल्या किंवा वेळ जुळली नाही, की नववं सेमिस्टर आलंच. तुमच्या पत्रकाप्रमाणे फी 8,600 आणि राहणं-जेवण 7,400, म्हणजे 16,000. स्पेनपेक्षा मला या आकड्याची भीती जास्त वाटते.

102 ला नाव घालण्याआधी एक वाट तपासा: क्लेप, म्हणजे वर्गात न बसता परीक्षा देऊन क्रेडिट मिळवणं. कॉलेज बोर्डाची ही स्पॅनिश परीक्षा शंभर डॉलरच्या आत-बाहेर पडते, वर परीक्षा केंद्राची थोडी फी. मॉडर्न स्टेट्स या संस्थेचा ऑनलाइन कोर्स पूर्ण केला तर परीक्षेचं व्हाउचर फुकट मिळतं. गुण 20 ते 80 मध्ये. साधारण शिफारस अशी की 50 ला सहा क्रेडिट आणि 63 ला नऊ. पण कुठल्या गुणाला काय द्यायचं हे प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवतं. 102 ची पातळी आलेल्या मुलीनं दोन महिन्यांत 63 गाठणं कठीण, 50 मात्र आवाक्यातले. तेवढ्यावर विद्यापीठानं 101 आणि 102 दिले, तर शंभरेक डॉलरमध्ये सहा क्रेडिट आणि थेट 201. गुण कमी पडले तर पुन्हा बसायला तीन महिने थांबावं लागतं, म्हणून जूनमध्ये घाईनं देऊ नका. ऑगस्टमध्ये द्या. आणि 102 सुरू होण्याआधीच, कारण केलेल्या किंवा चालू असलेल्या पातळीचं क्रेडिट बरीच विद्यापीठं परीक्षेवर देत नाहीत.

परीक्षेत 60 टक्के वाचन, 40 टक्के ऐकणं. बोलणं-लिहिणं नाही. अडखळायला होतं ते भूतकाळात. 'विनो' आणि 'वेनिया' यांतला फरक इंग्रजीतून शिकताना मुलं गोंधळतात. मराठी येणाऱ्या मुलीला 'तो आला' आणि 'तो यायचा' एवढं सांगितलं तरी बरंच उलगडतं. लिंगं तिथे दोनच आहेत, आपल्यापेक्षा एक कमी!

प्लेसमेंटबद्दल एक गैरसमज असतो. वरची पातळी आली की भाषेची अट तेवढी सुटते, पण क्रेडिट बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत. 120 भरायला दुसरे विषय घ्यावेच लागतात. काही विद्यापीठं वरचा कोर्स बी किंवा सी नं पास झाल्यावर खालच्या कोर्सचे क्रेडिट मागाहून देतात, ते विचारा. आणि टेस्ट पुन्हा देता येत असली तरी शेजारी भाषांतराचं अ‍ॅप उघडून देऊ नये. 202 मध्ये बसून नापास झाली तर फी आणि ग्रेडची सरासरी दोन्हींवर पाणी.

आणखी एक, जे तुम्ही विचारलेलंच नाही. नियमात 'स्पॅनिश' आहे की 'इंग्रजीखेरीज कोणतीही भाषा'? मुलगी मंडळाच्या मराठी शाळेत वाचायला-लिहायला शिकलीय असं तुम्ही लिहिलंय. काही विद्यापीठं घरच्या भाषेची परीक्षा घेऊन अट पूर्ण झाल्याचं मानतात. अ‍ॅडव्हायझरना ईमेलनंच विचारा, उत्तर लेखी हवं. त्याच ईमेलमध्ये क्लेपचे गुण आणि कम्युनिटी कॉलेजचा नेमका कोर्स चालतो का, हेही विचारून घ्या. कम्युनिटी कॉलेजचे क्रेडिट विद्यापीठात जमा होतात, ग्रेड सहसा सरासरीत धरत नाहीत. मात्र 201 पाच आठवड्यांच्या उन्हाळी वर्गात घेऊ नका. आठवड्याला नऊ तास वर्ग आणि वर गृहपाठ, नोकरी करणाऱ्या मुलांचं हमखास तिथे बिनसतं.

529 बद्दल. विमानाचं तिकीट त्यात बसत नाही. त्यासाठी पैसे काढले तर त्यातल्या नफ्याच्या भागावर कर आणि वर 10 टक्के दंड. उलट दर वर्षी फीचे पहिले 4,000 डॉलर 529 ला हात न लावता खिशातून भरा. दोघांचं मिळून उत्पन्न 1,60,000 डॉलरपर्यंत असेल तर अमेरिकन अपॉर्च्युनिटी क्रेडिट या शिक्षणखर्चावरच्या करसवलतीचे पूर्ण 2,500 करातून सुटतात. तिथून पुढे ते कमी होत जातं आणि 1,80,000 ला संपतं. एकच खर्च 529 आणि ही सवलत अशा दोन्हीकडे दाखवता येत नाही आणि सवलत चारच वर्षं मिळते, नवव्या सेमिस्टरला ती उरेलच असं नाही.

लेकीला स्पेन बघायचंच असेल तर 201 झाल्यावर जाऊ दे. फीचा भाग 529 मधून चालेल, तिकीट तुमच्या बचतीतून.