नॅशनल पार्क झालं पण तिथल्या मूळ लोकांना हाकललं नाही, असं जगात कुठे झालंय का? आणि तिथे फिरायला जाता येतं का?

हो, झालंय. मी नोकरीनिमित्त साडेतीन वर्षं येलोनाईफला होते, कॅनडाच्या पार उत्तरेला, ग्रेट स्लेव्ह लेकच्या काठी. याच लेकच्या पूर्व टोकाला थायडेने नेने नावाचा राखीव भाग आहे. देने म्हणजे इथले मूळ लोक, त्यांच्या भाषेत अर्थ होतो पूर्वजांची भूमी (नेने अगदी आपल्या आडनावासारखंच वाचा). एकूण २६,३७६ चौरस किमी, म्हणजे आपला सगळ्यात मोठा जिल्हा नगर, त्याच्या दीडपट. आणि ज्या गावानं हे घडवून आणलं ते लुत्सेल के, वस्ती साधारण तिनेकशे, रस्ता नाही, छोट्या विमानानं जायचं नाहीतर उन्हाळ्यात बोट आणि हिवाळ्यात गोठलेल्या लेकवरून स्नोमोबाईल.

गंमत म्हणजे याच गावानं आधी पार्कला नाही म्हटलं होतं. १९७० च्या सुमाराला सरकारला तिथे पार्क करायचं होतं, तेव्हाचे चीफ पिएर कॅथोलिक यांना मीटिंगला बोलावलं, समोर सगळे सरकारी अधिकारी आणि हे एकटे, सही करा म्हणाले. त्यांनी केली नाही. वर सांगून आले की इतक्या सरकारी माणसांसमोर यापुढे एकटा चीफ बसणार नाही. मला तरी ते शंभर टक्के बरोबर वाटतं, कारण दक्षिणेला वुड बफेलो पार्क १९२२ ला झालं तेव्हा काही देने कुटुंबांना त्यांच्याच जमिनीवरून बाहेर काढलं होतं आणि ही गोष्ट कोणी विसरलेलं नव्हतं.

मग नव्वदच्या दशकात उत्तरेला हिरे सापडले, खाणी आल्या, युरेनियम शोधणारे पण फिरायला लागले. तेव्हा गावाच्या लक्षात आलं की नुसतं नाही म्हणून जमीन वाचणार नाही, आणि २००० नंतर पार्कचं बोलणं गावानंच परत काढलं, पण आमच्या अटींवर म्हणून. पुढे जवळजवळ वीस वर्षं वाटाघाटी, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये करार. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाचं 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ज्यांना माहितीये त्यांना हे वेगळं समजवायला नको.

आता खरा मुद्दा. सगळा भाग नॅशनल पार्क नाहीये, साधारण १४ हजार चौ. किमी पार्क आहे आणि बाकीचं तिथल्या स्थानिक (नॉर्थवेस्ट टेरिटरीजच्या) सरकारच्या कायद्याखाली राखलंय. शिकार, मासेमारी, सापळे लावणं हे देने लोकांचं पूर्वीसारखं चालू, त्यासाठी कोणाच्या पाया पडायचं नाही. कारभार गाव आणि सरकार मिळून बघतात, सहमतीनं. पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे तो पैसा. गावानं ३ कोटी डॉलरचा ट्रस्ट उभा केला, निम्मे केंद्र सरकारचे, निम्मे गावानं देणगीदारांकडून जमवलेले, आणि त्याच्या उत्पन्नावर गावाच्या वाट्याचा खर्च चालतो. निर्णय घेणाऱ्यांच्या टेबलाशी खुर्ची मिळते हो, पण दरवर्षी ग्रँटसाठी हात पसरावे लागले तर त्या खुर्चीला काय अर्थ राहतो?

आणि रेंजर. नी हातनी देने म्हणतात त्यांना, म्हणजे जमिनीवर नजर ठेवणारे. हे पार्क व्हायच्या अकरा वर्षं आधी, २००८ लाच सुरू झालं, कोणाच्या परवानगीची वाट न बघता. माझ्यासोबत काम करणाऱ्या एका बाईंचा भाचा उन्हाळ्यात जायचा, एक मोठा माणूस आणि सोबत दोन-तीन पोरं बोटीनं बाहेर, कुठे कोण आलंय, मासे कसे आहेत, पाणी कसं आहे हे बघायचं आणि वाटेत जागांची जुनी नावं शिकायची. त्या फार अभिमानानं सांगायच्या, तो एरवी घरात एक शब्द बोलत नाही आणि तिकडून आला की थांबतच नाही.

सगळं सुटलं असं मात्र समजू नका. यांचं जगणं ज्या कॅरिबूवर (म्हणजे तिकडचं रेनडिअर हरीण), त्यातला बाथर्स्ट नावाचा कळप १९८६ ला साधारण ४ लाख ७० हजार होता आणि २०१८ ला जेमतेम ८,२०० राहिला. त्यांची विण्याची जागा दूर उत्तरेला नुनावुतमध्ये आहे, पार्कच्या बाहेर, म्हणजे एकट्या गावाच्या हातात ते नाहीच. मला याचं फार वाईट वाटतं.

फिरायला जाता येतं, हो. येलोनाईफवरून विमान, मग पुढे बोट. लेक तिथे ६१४ मीटर खोल आहे, उत्तर अमेरिकेत सगळ्यात जास्त, वारा सुटला की लाटा भयंकर, त्यामुळे गावातला माणूस सोबत घ्याच. लॉकहार्ट नदीवर एक धबधबा आहे, पॅरी फॉल्स, तिथे म्हातारी आजी बसलीये अशी त्यांची श्रद्धा, लोक बरं होण्यासाठी तिच्याकडे मागणं मागायला जातात. तिकडे जायचं असेल तर आधी गावात विचारा, आणि नको म्हणाले तर नका जाऊ.