लूप नंतर, आधी उंचीचा हिशेब

कोल्हापूर

चि. मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. खाजगी वैमानिकाचा परवाना हाती पडल्याचे वाचून आनंद झाला, आणि त्याच पत्रात हवाई कसरती शिकण्यासाठी तीन आठवडे परदेशी जाण्याचा बेत वाचून थोडी काळजीही वाटली. ती बेताबद्दल नाही, तुझ्या प्रश्नाबद्दल वाटली. ‘आधी लूप शिकू की रोल?’, म्हणजे आधी उभ्या वर्तुळात उडायला शिकू की विमानाच्या लांबीभोवती गिरकी घ्यायला, असे तू विचारले आहेस. माझे उत्तर असे की दोन्ही नंतर शिक. आधी स्पिनमध्ये, म्हणजे विमान गरगरत खाली पडते त्या स्थितीत, जायला आणि त्यातून बाहेर यायला शिक, आणि तेही एकदा नाही, तर अंगात भिनेपर्यंत.

हा क्रम मी माझ्या मनाचा सांगत नाही, विमानविद्येचा इतिहासही याच क्रमाने घडलेला आहे. २५ ऑगस्ट १९१२ रोजी इंग्लंडमध्ये विल्फ्रेड पार्क नावाच्या नौदलाच्या लेफ्टनंटचे अ‍ॅव्ह्रो विमान गरगरत खाली येऊ लागले. त्या काळी स्पिन म्हणजे जवळजवळ मरणच समजले जाई. पार्कने आधी सगळ्यांना सुचेल तेच केले, म्हणजे नाक वर-खाली करणारी स्टिक ओढली आणि विमान फिरत होते त्याच बाजूचा रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारे शेपटीचे सुकाणू) पायाने दाबला. त्याने काहीच साधले नाही, तेव्हा अगदी शेवटी त्याने उलट्या बाजूचा रडर पूर्ण दाबला आणि जमीन अगदी हाताशी आलेली असताना विमान सरळ झाले. त्यानंतर वर्षभराने, सप्टेंबर १९१३ मध्ये, कीव्ह येथे प्योत्र नेस्तेरोव्हने जगातील पहिला लूप केला. (सरकारी विमान धोक्यात घातले म्हणून त्याला आधी अटक झाली आणि कौतुक नंतर झाले, लष्करी खाते कुठलेही असो, या बाबतीत सगळीकडे सारखेच.) बाहेर पडण्याची वाट आधी सापडली आणि डौल नंतर आला, हे ध्यानात ठेव.

स्टॉल तुला ठाऊक आहे. पंख हवेला ज्या कोनात सामोरा जातो तो कोन साधारण १५-१६ अंशांच्या पलीकडे गेला की पंखावरचा हवेचा प्रवाह सुटतो आणि पंखाची उचल ढासळते. वेग कितीही असो आणि नाक कुठेही असो, कोन ओलांडला की स्टॉल होणारच. स्पिनमध्ये दोन्ही पंख स्टॉल झालेले असतात, पण एक अधिक आणि दुसरा कमी, आणि त्या तफावतीमुळे विमान नाक खाली घालून स्वतःभोवती फिरत राहते. अशा वेळी समोर शेते गरगरताना दिसतात आणि हात आपोआप स्टिक पोटाशी ओढतो. पंखाचा कोन आधीच जास्त असताना तो आणखी वाढवण्याचा हा प्रकार आहे. एलेरॉन, म्हणजे पंखांच्या टोकांकडच्या हलत्या झडपा, उलट देऊन खाली पडलेला पंख उचलू पाहणे हेही तितकेच घातक ठरू शकते. म्हणून थ्रॉटल बंद, एलेरॉन मध्यावर, फिरण्याच्या उलट बाजूचा रडर पूर्ण, मग स्टिक पुढे, फिरणे थांबताच रडर मध्यावर, आणि त्यानंतर सावकाश डाइव्हमधून बाहेर, हा क्रम जमिनीवर खुर्चीत बसून, डोळे मिटून, हातापायांनी शंभर वेळा कर. विमानाच्या पुस्तिकेत काही वेगळे लिहिले असेल तर ते प्रमाण मान, माझे नव्हे. तालमीत वस्ताद पोराला डाव शिकवण्याआधी मातीत नीट पडायला शिकवतो, हे मी कोल्हापूरकर मुलीला समजावून सांगायला नको.

आता उंचीकडे येतो, कारण या पत्रातला मुख्य मुद्दा तोच आहे. सेस्ना १५२ या दोन आसनी शिकाऊ विमानाच्या पुस्तिकेनुसार एका फेऱ्याच्या स्पिनमध्ये, त्यातून बाहेर येईपर्यंत, सुमारे १००० फूट उंची जाते, आणि जमिनीपासून ४००० फुटांच्या वरच विमान पूर्ण सावरलेले असावे, असा सल्ला तिच्यात दिलेला आहे. हा ४००० चा आकडा जमिनीपासूनचा आहे. अल्टिमीटर (उंचीमापक) मात्र, नेहमीप्रमाणे स्थानिक दाब लावला असेल तर, समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो. आपली उजळाईवाडीची धावपट्टी, जी १९३९ साली छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात सुरू झाली, समुद्रसपाटीपासून सुमारे २००० फूट उंच आहे. म्हणजे कोल्हापूरच्या आकाशात अल्टिमीटरवर ४००० दिसत असताना तुझ्या पायाखाली फक्त २००० फूट हवा आहे. ज्या सरावासाठी गोव्याच्या किनाऱ्यावर ४००० चा आकडा पुरतो, त्याच सरावासाठी इथे ६००० हवा. ही वजाबाकी पाचवीतल्या मुलाला जमेल. तरीही ती चुकते, आणि कसलेल्या वैमानिकांचीही चुकते.

१४ सप्टेंबर २००३ रोजी अमेरिकेच्या आयडाहो राज्यातील माउंटन होम तळावर थंडरबर्ड्स या प्रदर्शन पथकाच्या एका एफ-१६ ने उड्डाण करून वर झेप घेतली, पाठीवर, म्हणजे उलटे, झाले आणि अर्धा लूप खाली ओढला. पथकाचा नेहमीचा तळ माउंटन होमपेक्षा सुमारे १००० फूट खाली आहे, आणि वैमानिकाने माथ्यावरची उंची त्या नेहमीच्या तळाच्या हिशेबाने धरली होती. विमान सावरण्याइतकी उंची उरलीच नाही. जमिनीवर आदळण्याला एका सेकंदाहूनही कमी वेळ असताना तो बाहेर फेकला गेला आणि वाचला. तू आपल्या हवाई दलाच्या सूर्यकिरण पथकाची नऊ हॉक विमाने पाहून भारावून गेल्याचे लिहिले आहेस, आणि ते योग्यच आहे. पण तसे पथक पाहताना डौलाइतकाच, प्रत्येक कसरतीआधी कोणता आकडा डोळ्यांसमोर ठेवला गेला असेल, याचाही विचार करत जा. नव्या जागी गेल्यावर पहिल्या दिवशी तिथल्या धावपट्टीची उंची गुडघ्यावरच्या पॅडवर मोठ्या अक्षरांत लिही, आणि प्रत्येक कसरतीचा ‘याच्या खाली सुरुवात नाही’ असा आकडा अल्टिमीटरच्या भाषेत त्याखाली मांड.

वर सांगितलेली चूक आणि नवशिक्याची रोलमधली चूक यांचे नाते जवळचे आहे. विमान पाठीवर असताना नाक क्षितिजाखाली घसरू लागते, मन घाबरते, आणि हात स्टिक ओढतो. पाठीवर असताना ओढणे म्हणजे नाक जमिनीकडे नेणे. वेग झपाट्याने वाढतो, उंची हजारांत जाते आणि शेवटी विमानाच्या मर्यादेपलीकडे ओढावे लागते. म्हणून रोलआधी नाक २०-३० अंश वर न्यायचे, तिथे स्टिक मोकळी करायची आणि मगच एलेरॉन द्यायचा. मध्येच गोंधळ झाला तर ओढू नकोस, आधी जवळच्या बाजूने रोल करून सरळ हो. हे एकच वाक्य तुझा प्रशिक्षक तुला ओरडून सांगेल. ते त्याने सांगण्याआधीच तुझ्या हाताला कळलेले असावे.

लूपबद्दल फारसे लिहीत नाही. माथ्यावर वेग कमी झालेला असतो, तिथे ओढ सैल केली नाही तर वर्तुळाचा चपटा लाडू होतो, आणि महामार्गासारखी एक सरळ रेषा खाली धरून ठेवली नाही तर भलत्याच दिशेला बाहेर पडशील. हे सरावाने येते.

विमान निवडताना फसू नकोस. सेस्ना १५२ आणि १५२ एरोबॅट बाहेरून सहज ओळखू येण्याइतकी वेगळी दिसत नाहीत, पण पहिल्याची मर्यादा +४.४ जी (म्हणजे वजनाच्या ४.४ पट भार) आणि दुसऱ्याची +६ आणि −३ जी आहे. तू परवान्यासाठी उडवलेले सेस्ना १७२ सामान्य वर्गात ३.८ जी पर्यंतच मान्य आहे आणि त्यात लूप-रोलला परवानगीच नाही. ‘एकदाच, हळूच’ असे म्हणणारा मित्र भेटला तर त्याच्याबरोबर उडू नकोस. एकाच वेळी ओढणे आणि रोल करणे झाले की विमानाची सुरक्षित मर्यादा पुस्तिकेतल्या आकड्याहूनही खाली येते, हेही विचारून घे. एरोबॅटमध्ये उलट्या उड्डाणासाठी इंधनाची सोय नसते, त्यामुळे पाठीवर रेंगाळलीस तर इंजिन गप्प होईल; तेव्हा घाबरू नकोस, पण कशामुळे गप्प झाले ते ठाऊक असू दे.

शरीराचाही हिशेब आहेच. ४ जी मध्ये ५५ किलोची तू २२० किलोंची होतेस. रक्त डोक्याकडून पायांकडे ओढले जाते, आधी रंग फिके पडतात, मग दृष्टी कडेने अंधारते. ओढण्याआधीच मांड्या आणि पोट आवळून धर, अंधारी आल्यावर नव्हे. उणे जी नंतर लगेच अधिक जी घेतला तर शरीराची सहनशक्ती आणखी कमी होते. उपाशी उडू नकोस, आणि आदल्या रात्री तांबडा-पांढरा रस्सा भरपेट ओढून सकाळी कटाची मिसळ खाऊनही उडू नकोस. झोप आणणारी मळमळीची गोळी मुळीच घेऊ नकोस. मळमळ सुरू झाली की लगेच सांग आणि सरळ उड्डाण मागून घे. सुरुवातीला २०-२५ मिनिटांचे सत्र पुरे. ‘अजून एक’ म्हणत सत्र वाढवणारे विद्यार्थी पुढच्या दिवशी काहीच शिकत नाहीत, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

खिसे रिकामे करून बस. हवाई दलात शिकवत असताना एकदा किरण या प्रशिक्षण विमानात माझ्याच खिशातले पेन पाठीवर असताना निसटून कॅनोपीला (डोक्यावरच्या काचेला) चिकटले, आणि सरळ होताच रडरच्या पेडलांकडे नाहीसे झाले. पेडल अडकले तर काय, या विचारात उतरेपर्यंत मी आणि माझा विद्यार्थी एक शब्द बोललो नाही. पेन सापडेपर्यंत विमान उडणार नव्हते. यंत्रज्ञांची अख्खी दुपार त्यात गेली आणि त्यांच्या चहाचे पैसे मी भरले.

तिकडे पोहोचलीस की पहिल्या आठवड्यात मला दोन आकडे लिहून पाठव: डावीकडच्या एका फेऱ्याच्या स्पिनमध्ये अल्टिमीटरवर किती फूट गेले आणि उजवीकडच्यामध्ये किती. दोन्ही सारखे नसतील, ते का, हेही प्रशिक्षकाकडून समजून घेऊन लिही. लूपचा व्हिडिओ नंतर पाठवलास तरी चालेल.

तुझा,
काका