आजीचा शंख आणि हॉलमधलं वाघूळ

चि. मनू, अनेक आशीर्वाद.

तुझा व्हॉइस मेसेज इथे मस्कतला ड्युटीवरून येताना तीनदा ऐकला. हॉलमध्ये वाघूळ शिरलं तर आजीने अशुभ म्हणून घरभर गोमूत्र शिंपडलं, देवघरातल्या शंखाला मात्र ती रोज गंध-फूल वाहते. "आई, आपल्याकडे शंख शुभ आणि वाघूळ अशुभ, असं का?"

नौपाड्यातल्या त्याच घरात मलाही लहानपणी हेच सांगितलं होतं. वाघूळ रात्री हिंडतं, उलटं लटकतं, ओसाड वाड्यांत राहतं, म्हणून माणसं धास्तावली. शंख विष्णूच्या हातातला, त्याचा नाद मंगल. यातलं वाघूळ अशुभ असणं मला कधीच पटलं नाही.

आपल्या मागच्या देशी बदामावर येतं ते फळं खाणारं वटवाघूळ. रस गिळतं, चोथा थुंकतं. रक्ताशी त्याचा संबंध नाही, आणि आंधळं तर मुळीच नसतं. टपोऱ्या डोळ्यांनी आणि वासाने फळ हुडकतं. उंबराच्या बारीक बिया त्याच्या विष्ठेतून कुठल्या कुठे जाऊन पडतात. गच्चीच्या भिंतीत फुटलेलं उंबर पाखरांनी आणलं असेल, नाहीतर यांनीच.

आता मामाने मालवणहून आणलेला शोकेसमधला नक्षीदार, शंकूसारखा शंख घे. (आजीचा पूजेचा शंख वेगळ्या प्राण्याचा, तो समुद्रातले किडे खातो.) शंकूशंखातली गोगलगाय पोकळ, भाल्यासारखा दात मारून विष टोचते. काही जाती मासे धरतात. मासा काही क्षणांत लुळा पडतो. एका जातीच्या दंशाने माणसंही दगावली आहेत आणि त्यावर उतारा नाही. दुसऱ्या एका जातीच्या विषातला घटक हुबेहूब बनवून वेदनेचं औषध केलं, त्याला अमेरिकेत २००४ साली मान्यता मिळाली. इतर औषधांनी न शमणाऱ्या दुखण्यासाठी ते पाठीच्या कण्यातल्या द्रवात सोडतात.

आजीशी वाद घालू नकोस. तिला रात्री बदामाखाली ने आणि वाघळाचं खाणं दाखव. पुन्हा वाघूळ आत आलं तर दिवे मालवा, खिडक्या उघडा, ते आपणच जाईल. हात मात्र लावायचा नाही. चावलं, ओरबाडलं तर त्याच वेळी डॉक्टर गाठायचा.

आणि शोकेसमधला शंख हातात घेऊन त्याचं निमुळतं टोक बघ. दात तिथूनच बाहेर यायचा.

तुझी,
आई