खोक्यावरचं १२० आणि भिंगावरचं १०

प्रश्न : मी बोरिवलीला राहतो, निवृत्त आहे. मार्चमध्ये फोर्टातल्या एका दुकानातून ३८,५०० रुपयांचा कॅमेरा घेतला. दुकानदाराने व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं, '१२०एक्स झूम, क्वालिटी जराही कमी होत नाही.' शिवडीच्या जेट्टीवर फ्लेमिंगो टिपले, तर नुसते गुलाबी डाग आले. दुकानदार बिलावरची 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही ओळ दाखवतो. काही करता येईल का?

उत्तर : येईल. पण भांडण कुणाशी, हे आधी ठरवू.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत भिंगाच्या कड्यावर ४.३-४३ मिमी असं छापलेलं दिसतंय. मोठा आकडा लहानाने भागा : १०. ऑप्टिकल झूम तेवढाच. त्यात आतली भिंगं खरोखर सरकतात आणि सेन्सरचे सगळे पिक्सेल कामी येतात. उरलेला बारा पट डिजिटल, म्हणजे चित्राचा मधला तुकडा कापून फुगवलेला. रुंदीत बारावा हिस्सा, उंचीतही बारावा. तुमच्या कॅमेऱ्याच्या २ कोटी पिक्सेलपैकी खरे उरतात जेमतेम १ लाख ३९ हजार. त्यात चोच कुठून दिसणार!

खोक्याच्या मागे 'ऑप्टिकल १०एक्स' बारीक अक्षरांत छापलंय, त्यामुळे कंपनीविरुद्धची बाजू मला लंगडी वाटते. दुकानदाराचं तसं नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(१०) मधल्या 'दोष' या व्याख्येत विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे केलेल्या दाव्याच्या मानाने वस्तूत असलेली उणीवही येते. 'क्वालिटी जराही कमी होत नाही' हा मेसेज म्हणजे तुमचा हुकमाचा पत्ता. फोन बदलण्याआधी तो जपा.

बिलावरच्या त्या ओळीला घाबरू नका. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, मुदत नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीच कलम २(४७) खाली अनुचित व्यापारी प्रथा. तुम्ही दुकानात पहिली तक्रार कधी केली, ते मात्र लिहिलेलं नाही. ३० दिवसांच्या आत केली असेल आणि चॅटवर असेल, तर काम सोपं.

आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि दुकानाला स्पीड पोस्टाने नोटीस द्या, पंधरा दिवसांची. पैसे परत आले नाहीत तर तुमच्या राहत्या भागाच्या, म्हणजे मुंबई उपनगर जिल्हा ग्राहक आयोगात जा. फोर्टापर्यंत हेलपाटे नकोत. तक्रार दाखल करायची मुदत दोन वर्षं, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.

पुराव्यासाठी ट्रायपॉडवरून समोरच्या इमारतीची एखादी पाटी १०एक्सवर आणि १२०एक्सवर टिपा. मूळ फायली तशाच ठेवा, व्हॉट्सॲपवरून पाठवल्या की त्या दाबून लहान केल्या जातात. प्रिंट आणि चॅटसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र जोडा. मागणी ३८,५०० रुपये, व्याज आणि खर्चाची करा. मानसिक त्रासाचे पाच लाख वगैरे लिहू नका, आयोगापुढे ते हास्यास्पद दिसतं. आणि खोका रद्दीवाल्याला देऊ नका.