साखरपाण्याने सावरलेली शुगर रात्री पुन्हा का उतरते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फोंड्याला राहणारी 72 वर्षांची आई, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तचाचणी) थोडं वाढलेलं. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज अशी तिन्ही औषधं असलेली एकच गोळी सकाळ-संध्याकाळ. हरतालिकेच्या उपवासातही सकाळची गोळी घेतली, संध्याकाळी दरदरून घाम आणि असंबद्ध बोलणं. शुगर 48. साखरपाणी आणि पेढा दिला, तासाभराने 92. आता बरं वाटतंय, तर हॉस्पिटल कशाला?

न्यायलाच हवं, आणि आजच. फोंड्याचं उपजिल्हा रुग्णालय किंवा बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), जे आधी गाठता येईल ते. वाटेत आईला झोप आल्यासारखी वाटली तर 108 ची रुग्णवाहिका.

कारण गोळीत आहे. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, मग पोटात अन्न असो वा नसो. साखर दिली की रक्तातली शुगर चढते, पण त्या चढण्यानेच आणखी इन्सुलिन सुटतं आणि दोन-तीन तासांत आकडा पुन्हा खाली येतो. मूत्रपिंड मंदावलेलं असेल तर औषधाचा असर 24 तासांच्याही पुढे रेंगाळतो. म्हणून अशा रुग्णाला दवाखान्यात निदान एक दिवस डेक्स्ट्रोजच्या (म्हणजे ग्लुकोजच्या) सलाइनवर ठेवून दर तासा-दोन तासांनी शुगर बघतात. घरी पहाटे तीनला ती 40 झाली तर झोपेत कुणाला कळणार?

संध्याकाळची गोळी आज अजिबात देऊ नका. पुढे कधी सुरू करायची, कुठली आणि किती, ते डॉक्टर ठरवतील.

आता व्होग्लिबोजबद्दल, कारण इथेच बहुतेक घरांत चूक होते. हे औषध आतड्यात साखरेचे तुकडे होऊ देत नाही. आपली नेहमीची साखर, गूळ, पेढा, पाव, पेज, सगळंच त्यामुळे सावकाश पचतं. पेढ्यातलं तूप आणखी उशीर करतं. अशा माणसाला द्यायची ती ग्लुकोज पावडर, जी पचवावी लागत नाही: चहाचे तीन भरून चमचे, म्हणजे साधारण 15 ग्रॅम, अर्ध्या पेला पाण्यात. फार्मसीतून डबा आणा आणि डब्यावर शुद्ध ग्लुकोज आहे ना, ते वाचून घ्या. 15 मिनिटांनी पुन्हा तपासा, 70 च्या खाली असेल तर तेवढाच डोस पुन्हा. 70 च्या वर गेल्यावर लगेच जेवण. ग्लुकोज हाताशी नसेल तर साखर द्याच, फक्त तिच्यावर विसंबून थांबू नका. व्होग्लिबोज चालू नसेल तर साखरपाणी उत्तम चालतं.

तुमचा 92 चा आकडाही एकदा पारखून घ्या. पेढा हाताळलेल्या बोटावर साखर चिकटलेली असली तर ग्लुकोमीटर खोटा वाढीव आकडा दाखवतो. हात साबणाने धुऊन, कोरडे करून मगच टोचा.

गिळता येत नसेल किंवा शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. डाव्या कुशीवर वळवा, 108 ला कॉल करा आणि 'डायबेटिस, शुगर अमुक, ग्लिमेपिराइड चालू' हे तीनच शब्दसमूह आधी सांगा. गोळीची पट्टी सोबत न्या.

आई रक्तदाबासाठी मेटोप्रोलोलसारखी गोळी घेत असतील तर थरथर आणि धडधड दबून जाते. घाम मात्र येतो, त्यामुळे उकाडा नसताना आलेला थंड घाम दिसला की मशीन काढा. ताप किंवा लघवीच्या जळजळीसाठी सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन किंवा कोट्रायमोक्साझोल लिहून दिलं तर ग्लिमेपिराइड चालू असल्याचं तिथेच सांगा, ही औषधं शुगर आणखी पाडू शकतात.

चवथीच्या दिवसांत जेवण उशिरा होतं, म्हणून डॉक्टरांना थेट विचारा: या वयात, या क्रिएटिनिनला, ग्लिमेपिराइडची गरज आहे का? एकट्या मेटफॉर्मिनने शुगर अशी क्वचितच कोसळते, पण क्रिएटिनिननुसार तिचाही डोस बघावा लागतो.